रिपोर्टातला ‘आर’ आणि आईच्या उदरातली घडण

कल्चरचा, म्हणजे रुग्णाच्या शरीरातले जंतू वाढवून कुठलं औषध लागू पडतं ते पाहणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट कसा वाचायचा हे मी शिकले ते थोरल्या बहिणीच्या आजारपणात. मूत्रमार्गाचा साधा संसर्ग, तो रक्तात उतरला आणि ताई आयसीयूत गेली. तीन दिवस झाले तरी ताप हटेना. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी एक कागद माझ्या हातात दिला. डावीकडे एकाखाली एक अँटिबायोटिकची नावं, उजवीकडे प्रत्येकासमोर एक अक्षर. ‘एस’ म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतात, ‘आर’ म्हणजे देत नाहीत. मी वरून खाली नजर फिरवली. आर, आर, आर, आर. अगदी तळाशी दोन एस. “आपण देत होतो त्याला हे जंतू जुमानतच नाहीत. औषध बदलतोय,” एवढं बोलून डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

पुढे एकदा प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ओळखीच्या मुलीने मला ती तपासणी प्रत्यक्ष दाखवली. हातभरही नाही, तळव्याएवढी गोल थाळी. तिच्यात जंतूंचा धुकट थर वाढलेला आणि त्यावर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवलेल्या. काही चकत्यांभोवती स्वच्छ, रिकामं वर्तुळ होतं. तिथे औषधाने जंतू वाढू दिले नव्हते. काही चकत्यांभोवती वर्तुळच नव्हतं. जंतू थेट चकतीच्या कडेला येऊन भिडले होते.

औषध बदललं त्याच संध्याकाळी आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले. ताईच्या कपाळावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली, डॉक्टरांच्या हाताला यश मागितलं, नव्या औषधाला गुण मागितला. मी मनापासून आमेन म्हटलं. ते रात्रभर बाहेरच्या बाकावर माझ्यासोबत बसून राहिले. त्यांच्या मायेबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण त्याच्या महिनाभर आधीच्या उपदेशात त्यांनी सांगितलं होतं की उत्क्रांती ही देव न मानणाऱ्यांनी रचलेली गोष्ट आहे, आणि ती मानणाऱ्याच्या मनात पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, जागा उरत नाही. त्या बाकावर बसल्या बसल्या मला ते वाक्य आठवत राहिलं. कारण माझ्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेला तो कागद म्हणजे उत्क्रांतीच होती. काही जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. नक्कल होताना कुठे चूक होते, कधी शेजारच्या जंतूकडून एखादं जनुक मिळतं. औषध बाकीच्यांना मारतं, ज्यांच्याकडे तो बदल आहे ते उरतात आणि वाढतात. अलेक्झांडर फ्लेमिंगने पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लावला, आणि १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगून ठेवलं की अपुऱ्या मात्रेत औषध दिलं तर जंतू त्याला सरावतील.

मला या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. आम्ही ख्रिस्ती माणसं औषधाच्या बाबतीत जे तत्त्व मानतो, तेच माणसाच्या उगमाच्या बाबतीत नाकारतो, आणि ही दुटप्पी मोजपट्टी आमच्या विश्वासाचंच नुकसान करते.

औषधाच्या बाबतीतलं तत्त्व असं: देव साधनांतून काम करतो. औषधाने गुण आला म्हणून देवाचा हात आखूड झाला असं कुणी मानत नाही. अँटिबायोटिक जंतूची भिंत कशी फोडतं हे रसायनशास्त्राने पूर्ण समजावून सांगितलं, तरी ताई बरी झाल्यावर आम्ही उपकारस्तुती केलीच असती. तो काही नवा उदारमतवाद नाही. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरियाचा बिशप बॅसिल याने शहराबाहेर आजारी, कुष्ठरोगी आणि निराश्रितांसाठी मोठी वसाहत उभारली, तिची आठवण इतिहासातल्या पहिल्या रुग्णालयांपैकी एक म्हणून काढली जाते. मठवाशांसाठी लिहिलेल्या नियमांत त्याने वैद्यकाला शेतीच्या रांगेत बसवलं: दोन्ही देवाने दिलेल्या कला. सगळी आशा वैद्यावर टाकू नका, हेही तो सांगतो. पण वैद्याकडे जाऊच नका असं तो म्हणत नाही. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबलमध्ये असलेल्या सिराखच्या पुस्तकात तर वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केलं, असं स्पष्ट म्हटलं आहे. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला प्रेषित पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो.

१७२१ मध्ये बॉस्टनमध्ये देवीची साथ आली तेव्हा रोग्याच्या फोडातला स्राव निरोग्याला टोचण्याची पद्धत पुढे रेटली ती कॉटन मॅदर या धर्मोपदेशकाने. त्याला ती ओनेसिमस नावाच्या, गुलाम म्हणून त्याच्या घरी राहणाऱ्या आफ्रिकी माणसाने सांगितली होती. शहरातले अनेक प्रमुख धर्मोपदेशक मॅदरच्या बाजूने उभे राहिले, आणि सर्वांत कडाडून विरोध केला तो शहरातल्या एकमेव पदवीधर डॉक्टरने. मॅदरच्या घरावर हातबॉम्बही फेकला गेला. टोचून घेतलेल्यांत सुमारे २ टक्के दगावले, नैसर्गिक देवी झालेल्यांत सुमारे १४ टक्के. धर्म एका बाजूला आणि विज्ञान दुसऱ्या बाजूला, अशी सोपी विभागणी करणाऱ्यांनी ही हकिगत ध्यानात ठेवावी. टोचणं म्हणजे देवाच्या इच्छेत ढवळाढवळ, असं म्हणणारे तेव्हाही होते. पण त्यांचं म्हणणं ख्रिस्ती परंपरेत टिकलं नाही.

जिथे ते टिकलं तिथे त्याची किंमत लेकरांनी मोजली. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. केवळ विश्वासावर विसंबून उपचार नाकारलेल्या कुटुंबांतले १९७५ ते १९९५ या काळातले १७२ बालमृत्यू त्यात तपासले होते. त्यांपैकी १४० मुलांना असे आजार होते, ज्यांत उपचार मिळाले असते तर वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक होती. त्यांचे आईबाप निर्दय नव्हते, ते गुडघे टेकून रडत होते. त्यांना कुणीतरी शिकवलं होतं की साधन स्वीकारणं म्हणजे विश्वास कमी पडणं. ही शिकवण मी पाप मानते, आणि हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

प्रार्थनेबद्दलही इथेच बोलून घेते. २००६ साली हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवरचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी ज्यांच्यासाठी प्रार्थना केली त्यांच्यात काहीच फायदा दिसला नाही. उलट आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी अधिक आढळली. काहींना यात देव नसल्याचा पुरावा दिसला, तर काही ख्रिस्ती मंडळी प्रयोगातल्या चुका शोधत बसली. मला वाटतं प्रश्नच चुकीचा होता. प्रार्थना हे मिलीग्रॅममध्ये मोजून द्यायचं औषध नव्हे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत येशूने टळावा म्हणून विनवलेला दुःखाचा प्याला टळला नाही, आणि त्या रात्रीची प्रार्थना निष्फळ होती असं कुठलाही ख्रिस्ती माणूस म्हणत नाही.

आता माणसाच्या उगमाकडे येते.

बायबलमधलं स्तोत्र १३९ आमच्या घरी लहानपणापासून पाठ. आईच्या उदरी तूच माझी घडण केलीस, असं स्तोत्रकर्ता देवाला म्हणतो. ते वचन शब्दशः खरं मानणारी आई सोनोग्राफीला जाते, पडद्यावर दाण्याएवढं धडधडणारं हृदय पाहते आणि तिच्या डोळ्यांत पाणी येतं. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, मग पाठीचा कणा, मग बोटं: गर्भविज्ञानाने ही वाट पायरीपायरीने सांगितली आहे. तिच्यात कुठेही ‘इथे देवाने हात घातला’ अशी रिकामी जागा सोडलेली नाही. तरीही गर्भविज्ञान नास्तिक आहे, शाळेत शिकवू नका, असं कुठल्या मंडळीने (चर्चने) म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. नऊ महिन्यांच्या नैसर्गिक प्रक्रियेतून मी घडले आणि मला देवाने घडवलं, ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडाने म्हणताना आम्ही अडखळत नाही. मग अब्जावधी वर्षांच्या नैसर्गिक प्रक्रियेतून माणूस घडला आणि माणसाला देवाने घडवलं, हे म्हणताना घसा का दाटतो?

पवित्र शास्त्र तसं सांगत नाही म्हणून, असं उत्तर येईल. शास्त्र काय सांगतं ते मग बारकाईने वाचू या. बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, पहिल्या अध्यायात देव पृथ्वीला प्राणी उपजवण्याची आज्ञा करतो. प्रकाश पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी. पहिल्या अध्यायात पशू आधी आणि माणूस नंतर, तर दुसऱ्या अध्यायात आधी माणूस मातीतून घडतो आणि मग पशुपक्षी. डार्विनच्या सोळाशे वर्षं आधी ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने विचारलं होतं की सूर्य नसताना संध्याकाळ आणि सकाळ झाली असं कोण समंजस माणूस मानेल. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बिशप ऑगस्टीनने उत्पत्तीवर मोठा ग्रंथ लिहिला. देवाने सगळं एकदम निर्मिलं, पण कित्येक गोष्टी बीजरूपात, ज्या पुढे काळाच्या ओघात उमलल्या, असा विचार त्याने मांडला. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की जगाचं वय सहा हजार वर्षांहून कमी आहे असं खुद्द ऑगस्टीनलाही वाटत होतं. तो आधुनिक नव्हता. पण त्याने एक इशारा दिला, आणि तो मला उपदेशपीठावर कोरून ठेवावासा वाटतो: पृथ्वी, आकाश, ताऱ्यांची गती याबद्दल ज्याला पक्की माहिती आहे अशा अविश्वासी माणसासमोर ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राच्या नावाने निरर्थक बोलला, तर ऐकणारा पुनरुत्थानाबद्दल आणि स्वर्गाच्या राज्याबद्दल त्याच शास्त्रावर कसा भरवसा ठेवील?

सहा दिवस, सहा हजार वर्षं आणि सगळे खडक नोहाच्या जलप्रलयात तयार झाले, ही शिकवण आज ‘जुना विश्वास’ म्हणून मिरवते. आर्चबिशप अशरने काढलेलं सृष्टीच्या निर्मितीचं ख्रिस्तपूर्व ४००४ हे साल १६५० मधलं आहे हे खरं. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सुशिक्षित ख्रिस्ती जगाने, अगदी कर्मठ मानल्या जाणाऱ्यांनीही, पृथ्वी अतिप्राचीन असल्याचं बहुतांशी स्वीकारलं होतं. प्रलयात खडक बनल्याची आजची मांडणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज मॅक्रेडी प्राइस या अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या लेखकाने जोमाने पुढे आणली, आणि ती जगभर पसरली व्हिटकॉम आणि मॉरिस या अमेरिकी लेखकांच्या १९६१ च्या पुस्तकानंतर. म्हणजे पेनिसिलिनहून ती फार जुनी नाही.

या टप्प्यावर बरेच लोक ख्रिस्ती शास्त्रज्ञांची यादी काढतात. वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठवासी होता, थरांच्या खडकांचं वाचन शिकवणारा स्टेनो पुढे बिशप झाला, मानवी जनुकसंचाचा प्रकल्प तडीस नेणारे फ्रान्सिस कॉलिन्स विश्वासी आहेत. सगळं खरं. पण यादीने काही सिद्ध होत नाही, नास्तिक शास्त्रज्ञांची यादी याहून लांब निघेल. मला यांतला एकच माणूस इथे हवा आहे, तो जॉर्ज लमेत्र. बेल्जियमचा हा धर्मगुरू १९२७ मध्ये विश्व प्रसरण पावत असल्याचं गणिताने मांडतो आणि १९३१ मध्ये ‘आदिम अणू’ची कल्पना पुढे आणतो. तिलाच पुढे बिग बँग हे नाव पडलं. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी एका भाषणात या सिद्धांताला सृष्टीच्या निर्मितीची जणू साक्षच ठरवलं. लमेत्रला आनंद व्हायला हवा होता, पण तो अस्वस्थ झाला. आपला सिद्धांत आस्तिक-नास्तिक वादाच्या बाहेर राहिला पाहिजे, अशी त्याची भूमिका होती. देवाला समीकरणाच्या आधाराची गरज नाही, आणि उद्या समीकरण बदललं तर देवाचं काय करणार? विज्ञानातल्या भोकात देव बसवणारे आणि विज्ञानाच्या यशावर देव टांगणारे एकच चूक करतात, असं मला त्याच्याकडून शिकायला मिळालं.

रोमन कॅथलिक मंडळीने १९५० मध्ये माणसाच्या देहाच्या उत्क्रांतीवर संशोधन आणि चर्चा करायला मोकळीक दिली, आणि १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही आता केवळ एक कल्पना राहिलेली नाही, असं म्हटलं. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत एकमुखी बोलणारं कुणी नसल्याने प्रत्येक उपदेशपीठ आपापलं ठरवतं.

जंतू बदलले तरी जंतूच राहतात, माणूस माकडापासून झाला हे त्यातून कसं सिद्ध होतं, असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. माणूस आजच्या कुठल्या माकडापासून झालेला नाही, दोघांचे पूर्वज एक होते. पुरावा पाहायचा तर स्कर्व्ही या रोगाकडे बघा. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या वैद्याने बारा आजारी खलाशी घेतले, दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री आणि लिंबं मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. हिरड्या सडून, जुन्या जखमा उघडून माणसं मरत होती ती ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने. पण माणसाला ते खाण्यातून मिळवावं का लागतं? बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतःच्या शरीरात तयार करतात. आपल्याला ते जमत नाही, कारण त्यासाठी लागणारं जनुक आपल्यात मोडलेलं आहे. ते नाहीसं झालेलं नाही, त्याचे अवशेष आजही आपल्या गुणसूत्रात पडून आहेत. आणि चिंपांझी, गोरिला, ओरँगउटान यांच्यातही तेच जनुक मोडलेलं आहे. गिनीपिगचंही मोडलंय, पण वेगळ्या रीतीने. दोन विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तरं सारखी आली तर शंका येत नाही, पण चुका तंतोतंत सारख्या आल्या तर परीक्षक काय समजतो?

दुसरी खूण गुणसूत्रांची. चिंपांझी, गोरिला यांची ४८, आपली ४६. आपलं दुसरं गुणसूत्र उघडून पाहिलं तर त्याच्या पोटात, जिथे असायला नको तिथे, गुणसूत्राच्या टोकाला असणारी अक्षरांची आवर्तनं सापडतात, तीही समोरासमोर तोंड करून. शिवाय दुसऱ्या मध्यबिंदूचे अवशेषही आहेत. दोन गुणसूत्रं टोकाला टोक लावून कधीतरी जोडली गेली त्याचा हा सांधा. देवाने माणसाला स्वतंत्रपणे घडवून त्याच्या अंगात हा खोटा सांधा का कोरून ठेवावा? जो देव सत्य आहे असं मी मानते, तो असं करणार नाही.

इथवर आले की माझे विश्वासी मित्र मला थांबवतात, आणि ते थांबवतात ते योग्य कारणाने. जनुकांच्या वादात त्यांना रस नसतो. त्यांना आदामाची काळजी असते. पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एका माणसाद्वारे पाप जगात आलं आणि पापाद्वारे मरण, असं म्हणतो, आणि त्याच तोलावर ख्रिस्ताला दुसरीकडे ठेवतो. आदाम काढला तर ख्रिस्ताचं काय? हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. गेल्या काही लाख वर्षांत मानववंश कधी दोन व्यक्तींवर आला होता असं जनुकीय पुरावा दाखवत नाही, तो आकडा हजारांच्या घरातच राहतो. २०१० मध्ये तर कळलं की आजच्या कित्येक माणसांत निअँडरथल या नामशेष मानवजातीचाही अंश आहे. तेव्हा एका जोडप्यापासून, फक्त त्यांच्यापासूनच, सारी माणसं झाली हे मला म्हणता येत नाही.

काही अभ्यासक आदामाला अनेकांमधून देवाने निवडलेला प्रतिनिधी मानतात. असेल. मला मूळ भाषा अधिक आधार देते. हिब्रूत ‘आदाम’ म्हणजे माणूस, ‘अदामा’ म्हणजे माती. मातीचा माणूस. ही माझीच गोष्ट आहे. मला हवं ते सगळं दिलेलं असताना जे मना केलं तेच मी उचलते, पकडले गेले की झाडामागे लपते, विचारलं की दुसऱ्याकडे बोट दाखवते. आदामाने हव्वेकडे दाखवलं, हव्वेने सर्पाकडे. यात एकही अक्षर खोटं नाही. पाप खरं आहे हे समजायला मला हाडांचा सांगाडा लागत नाही, आरसा पुरतो. आणि ख्रिस्त आला तो त्या पापासाठी, एखाद्या तारखेसाठी नव्हे. पौलाच्या मनात आदाम खराखुरा एक माणूस होता असं मलाही वाटतं. पण पौलाला पृथ्वी सूर्याभोवती फिरते हेही ठाऊक नव्हतं. त्याचा उपदेश त्या ज्ञानावर उभा नाही.

मरणाचा प्रश्न मात्र मला आजही टोचतो. पाप येण्याआधी कोट्यवधी वर्षं प्राणी एकमेकांना खात होते, जाती नामशेष होत होत्या. हे ‘चांगलं’ कसं? डार्विनलाही हाच काटा रुतला होता. १८५१ मध्ये त्याची दहा वर्षांची लेक अ‍ॅनी गेली. १८६० मध्ये हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की जिवंत सुरवंटाला आतून खाणाऱ्या गांधीलमाशीच्या जाती दयाळू देवाने मुद्दाम योजल्या असतील हे मला पटवून घेता येत नाही. मी या वाक्याला खोडून काढणारं उत्तर देऊ शकत नाही. पण एवढं मला दिसतं की पवित्र शास्त्र या बाबतीत आपल्या उपदेशांपेक्षा धीट आहे. स्तोत्र १०४ मध्ये सिंहाचे छावे भक्ष्यासाठी गर्जना करतात आणि देवाजवळ आपलं अन्न मागतात, आणि हे सृष्टीच्या बिघाडाचं लक्षण म्हणून नव्हे तर देवाच्या स्तुतीत येतं. बायबलमधल्या दुःखाने पिचलेल्या ईयोबाला देव वावटळीतून उत्तर देतो तेव्हा गरुडाची पिल्लं रक्त चोखतात हे तो लपवत नाही. आणि जो देव मी मानते तो या दुःखाकडे दुरून पाहत राहिला नाही, वधस्तंभावर त्यात उतरला. गणित सुटलं असं मी म्हणत नाही. पण सहा हजार वर्षं मानल्याने तरी ते कुठे सुटतं? मुलाच्या कर्करोगाचं उत्तर त्या आकड्यात नाही.

ज्या भीतीपोटी आम्ही उत्क्रांती नाकारतो ती मुळात माणसाच्या किमतीबद्दलची आहे. प्राण्यांच्या नात्यातला ठरला तर माणूस देवाच्या प्रतिरूपाचा उरेल का? ही भीती पोकळ नव्हती. १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल शिक्षकावर खटला झाला. सरकारतर्फे उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांची आजवर टवाळी होत आली आहे. पण त्या शाळेतलं पाठ्यपुस्तक वंशांची उतरंड लावत होतं, गोऱ्यांना वरच्या पायरीवर बसवत होतं, आणि ‘निकृष्ट’ कुटुंबांची वाढ रोखावी असंही शिकवत होतं. ब्रायन विज्ञानाबद्दल चुकले. दुबळ्यांना चिरडण्यासाठी विज्ञानाचा वापर होईल हे मात्र त्यांना बरोबर दिसलं. दोनच वर्षांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मतिमंद’ ठरवलेल्या स्त्रीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. आणि मला लाज वाटते ती याची, की त्या काळात कित्येक प्रगतिशील पाळकांनी उपदेशपीठावरून वंशसुधारणेचा पुरस्कार केला. १९३० मध्ये पोप पायस अकरावे यांनी सक्तीच्या नसबंदीचा उघड निषेध केला, तेव्हा तो आवाज एकाकी वाटला असेल.

पण उत्क्रांती नाकारल्याने माणसाची किंमत राखली जाते असंही नाही. एकाच हार्वर्ड विद्यापीठात डार्विनच्या काळी दोन मोठे निसर्गशास्त्रज्ञ होते. लुई आगासी पाळकाचा मुलगा, प्रत्येक जाती देवाने स्वतंत्र निर्मिली असं मानणारा, डार्विनचा कट्टर विरोधक. तो हेही मानत होता की मानववंश वेगवेगळे निर्माण झाले, आणि काळ्या माणसाला तो गोऱ्याच्या बरोबरीचा समजत नव्हता. दुसरा एसा ग्रे, प्रेस्बिटेरियन, रविवारी न चुकता उपासनेला जाणारा, आणि अमेरिकेत डार्विनचा पहिला खंबीर पाठीराखा. सगळी माणसं एकाच कुळातली हे ग्रेच्या बाजूने सिद्ध होत होतं. अथेन्समध्ये पौलाने सांगितलं की देवाने एकापासून सर्व राष्ट्रं निर्माण केली. ते वचन उचलून धरायला त्या वादात स्वतंत्र निर्मितीचा सिद्धांत उपयोगी पडला नाही, समान पूर्वजांचा पडला.

प्रतिरूप हे गुणसूत्रात सापडणारं नाही, आणि नाही सापडलं म्हणून हरवणारंही नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीच घेतो. मातीहून वानराचं नातं हलकं कसं?

हे सगळं मी आत्ता कळकळीने लिहिते आहे त्याला कारण आहे. २०१८ मध्ये चीनमध्ये जनुकं बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्याची बातमी आली. गर्भ निवडून घेणं, दोष दिसला तर टाकून देणं, हे दारात आलेलं नाही, घरात आलेलं आहे. अशा प्रश्नांवर ख्रिस्ती माणसाकडे सांगण्यासारखं खूप आहे: दुबळा, अपंग, म्हातारा, न जन्मलेला, यांची किंमत कुणी ठरवायची नसते. हे तपशिलात जाऊन करता येतं हेही दिसलं आहे. पूर्वी गर्भपात झालेल्या गर्भाच्या पेशींपासून वाढवलेल्या पेशीरेषा लशींसाठी वापराव्यात का, यावर व्हॅटिकनने अनेक वर्षं विचार केला. मूळ कृत्य योग्य ठरवलं नाही, तरी दुसरी लस मिळत नसेल तर अशी लस घेणं नैतिकदृष्ट्या मान्य आहे, असं डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं. त्याच्याशी कुणाचं पटो न पटो, ते अभ्यासून बोललेलं आहे हे समोरच्याला जाणवतं. पण ज्या पाळकाने मुलांना डायनोसॉर नोहाच्या तारवात होते असं शिकवलं, तो उद्या जनुकबदलाच्या धोक्याबद्दल बोलू लागला तर जीवशास्त्राची पदवी घेतलेली तीच मुलं त्याचं का ऐकतील? ती उठून जातील, आणि बरीच गेलीही आहेत. त्यांना कुणा नास्तिकाने पळवलं नाही. विश्वास किंवा पुरावा, एक काहीतरी निवडा, असं आम्हीच त्यांना सांगितलं, आणि त्यांनी प्रामाणिकपणे निवडलं.

शब्बाथशाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या धर्मवर्गाच्या, शिक्षकांकडे माझं मागणं लहान आहे. उत्क्रांती विश्वासाचा भाग म्हणून शिकवा असं मी म्हणत नाही. फक्त मूल विचारील तेव्हा त्याला गप्प करू नका, आणि ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा. गर्भविज्ञानाला जे माप लावता तेच उत्क्रांतीलाही लावू द्या.

ताईचा ताप नवं औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी उतरला. ती घरी आल्यावर पाळकसाहेब भेटायला आले, उपकारस्तुतीची प्रार्थना झाली. निघताना मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि हे ‘आर’ कुठून येतात ते सांगितलं, थाळीवरची वर्तुळं बोटाने काढून दाखवली. उपदेशाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. पण ते चष्मा काढून बराच वेळ त्या रांगेकडे बघत होते. मग म्हणाले, “याची एक झेरॉक्स मला द्याल?” मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिली.